ओ, पण ओ नव्हे!

रुग्णाला रक्ताची निकड असावी आणि त्याच्या शरीरानेच ते नाकारावे, अशी एक कहाणी जगाला मुंबईने सांगितली. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना तीन माणसे अशी आढळली की, त्यांचे रक्त ‘ओ’ गटाचे दिसे. तरी ‘ओ’ दात्यांचे रक्त त्याच्याशी जुळेना. १९५२ साली लंडनच्या संशोधकांसह त्यांनी हा शोध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला.

कारण मोठे मौजेचे आहे. ‘ए’ आणि ‘बी’ या जणू दोन तऱ्हेच्या माड्या. त्यांचा पाया ‘एच’. ‘ओ’ गटात माडी नसते, पाया असतो. या माणसांत पायाच नाही. म्हणून त्यांच्या रक्ताला तोच परका! १९९५ मध्ये शहराचे इंग्रजी नाव बदलले, पण गट ‘बॉम्बे’च राहिला.

अशा रुग्णाची शस्त्रक्रिया ठरली की, त्याचेच रक्त आधी काढून ठेवता येते. यहोवाच्या साक्षीदारांना मात्र श्रद्धेमुळे पूर्वी तेही चालत नसे. त्यांच्यासाठी तेव्हा उरे ते आधी लोह देऊन रक्त वाढवणे आणि शस्त्रक्रियेत थेंब न् थेंब राखणे. ह्यूस्टनच्या डॉ. कूली यांच्या पथकाने अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल १९७७ मध्ये मांडला.

एकाचे शरीर नाकारते, दुसऱ्याचे मन. वैद्याने दोघांचाही मान राखायचा. आणि वाचकहो, अंधेरीच्या वा मुलुंडच्या रक्तदान शिबिरात ‘ओ’ म्हणून आलेला एखादा दाता तपासणीत ‘बॉम्बे’ ठरला, तर कुणाची तरी दिवाळी त्याच्याच हाती असते.