विनमोडेम: स्वस्त कार्डाची गोष्ट

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा बंद केली. बातमी लहानशी होती आणि आपल्याकडे तिची कुणी फारशी दखलही घेतली नाही. घेण्याचं कारणही नव्हतं म्हणा. पण ती वाचल्यावर मला आठवला तो 'विनमोडेम'. आजच्या पंचविशीतल्या मुलांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल. मात्र २००० ते २००६-०७ या काळात ज्यांनी फलटणसारख्या तालुक्याच्या गावात बसून लिनक्स वापरायचा प्रयत्न केला, त्यांना हा शब्द उच्चारून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो!

तर मंडळी, आज त्या विनमोडेमविषयी. विषय जुना आणि थोडा तांत्रिक आहे, पण त्यातला प्रश्न अजून जुना झालेला नाही असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत. फलटणहून त्याला फोन लावायचा म्हणजे एसटीडी कॉल. त्यामुळे आमच्यासाठी ते असून नसल्यासारखं होतं. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, ऑक्टोबर २००० मध्ये बीएसएनएलची स्थापना झाली आणि त्यांच्या संचारनेट सेवेसाठी १७२२३३ हा क्रमांक स्थानिक कॉलच्या दरात लागू लागला. आमच्या भागात घरातून आंतरजालावर जाणं खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झालं. फोनची तार, एक संगणक आणि त्यात एक मोडेम, एवढं पुरे होतं.

आता हा मोडेम म्हणजे नक्की काय? फोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज तिच्यातून नीट जातो. संगणकाचे शून्य आणि एक तिच्यातून पाठवायचे तर त्यांचा आवाज करावा लागतो, आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा शून्य-एक करावे लागतात. फोन लागताना जी किंचाळी आणि खरखर ऐकू यायची ती हीच. दोन्ही बाजूंचे मोडेम एकमेकांना आजमावत असत, लाइन कितपत चांगली आहे, कुठल्या वेगाने बोलायचं, हे ठरवत असत. १९९८ साली व्ही-९० हे मानक ठरलं आणि कागदावर ५६ किलोबिटपर्यंतचा वेग शक्य झाला. उसाच्या पट्ट्यातून लांबवर गेलेल्या तांब्याच्या तारेवर तो कधी पूर्ण मिळत नसे, ही गोष्ट वेगळी.

जुन्या, 'खऱ्या' मोडेममध्ये हे सगळं काम करणारे भाग त्याच्या डब्यातच असत. एक चिप आवाजाचं गणित करी. दुसरी संगणकाच्या आज्ञा ऐके, चुका दुरुस्त करी, माहिती दाबून लहान करी. संगणकाला फक्त 'एटीडीटी' आणि पुढे क्रमांक एवढं सांगावं लागे. ही आज्ञांची भाषा हेज कंपनीने १९८१ साली आणली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. त्यामुळे असा मोडेम डॉसवर चाले, विंडोजवर चाले, लिनक्सवर चाले. कुठल्या कंपनीचा आहे याने फरक पडत नसे.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर वेगवान झाले, आणि मोडेम बनवणाऱ्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. संगणकात एवढा ताकदवान प्रोसेसर असताना आपण कार्डावर वेगळ्या चिपा का लावायच्या? आवाजाचं गणित त्यालाच करू दे. मग कार्डावर उरलं काय? आवाज आणि आकडे यांची अदलाबदल करणारी एक छोटी चिप, आणि फोनची तार जोडायचं सर्किट. बाकी सगळा मोडेम सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सीडीवर. हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी लिहिलेलं असे, म्हणून नाव पडलं विनमोडेम. मुळात हे यूएस रोबोटिक्स कंपनीच्या मालाचं नाव, पण पुढे सगळ्याच अशा कार्डांना चिकटलं, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विनमोडेमला लिनक्सवाले खूप शिव्या देत, पण त्याच्यामुळेच मोडेम स्वस्त झाला. गावातल्या दुकानात जोडून मिळणाऱ्या संगणकात जे कार्ड सहज टाकून दिलं जाई, ते हेच. ते नसतं तर आमच्यापैकी कित्येकांच्या घरी इंटरनेट आणखी काही वर्षं आलं नसतं. तेव्हा यात कुणी तरी दुष्ट होता आणि कुणी तरी बिचारा, अशी ही सोपी गोष्ट नाही.

त्याच सुमारास लिनक्सही गावात येत होतं. 'पीसी क्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली होती. पुढे उबुंटूवाले तर मागणी केली की जगात कुठेही फुकट सीडी पोस्टाने पाठवत. ही योजना २०११ पर्यंत चालली. परदेशातून आलेलं ते पाकीट पोस्टमनकडून घेताना जे वाटे ते सांगून कळणार नाही. एक आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम, कायदेशीर, आणि तीही एक पैसा न देता! चोरीची विंडोज सीडी सर्रास हातोहात फिरत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

सीडी घातली की पडदा दिसे, माउस चाले, बहुतेक वेळा आवाजही येई. फक्त मोडेम दिसत नसे. आणि इथे जो पेच पडे तो तालुक्याच्या गावातल्या माणसालाच नीट कळेल. मोडेम चालवायचा तर त्याचा ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर इंटरनेटवर. इंटरनेटवर जायचं तर मोडेम हवा. पुण्याच्या मुलाला कॉलेजची लॅब होती, ऑफिसचं कनेक्शन होतं. आमच्यासाठी मार्ग एकच: संगणक पुन्हा विंडोजमध्ये चालू करायचा, युनिट मोजत फाइल उतरवायची, पुन्हा लिनक्समध्ये यायचं आणि कळायचं की ड्रायव्हर बांधायला कर्नलच्या हेडर फाइली लागतात, त्या सीडीवर नाहीत. पुन्हा विंडोज. मी हे एका आठवड्यात इतक्या वेळा केलं की शेवटी एका मित्राने पुण्याहून सगळ्या फाइली एका सीडीवर भरून आणून दिल्या. सासवड-जेजुरी-लोणंद मार्गे एसटीने आलेला तो ड्रायव्हर! तो बांधून झाला आणि लिनक्समधून पहिल्यांदा ती ओळखीची किंचाळी ऐकू आली, तेव्हा घरातली मंडळी झोपेतून उठून आली होती.

माझ्या कार्डाची चिप मदत मिळण्यासारखी निघाली, एवढाच माझा नशिबाचा भाग. कारण कार्डावरचं नाव एक, डब्यावरचं दुसरं आणि आतली चिप तिसऱ्याच कंपनीची, असा सगळा प्रकार असे. 'लिनमोडेम्स' नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी 'स्कॅनमोडेम' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली होती. ती आपल्या संगणकात डोकावून सांगे की बाबा रे, तुझ्याकडे खरं काय आहे. ल्यूसेंट, पीसीटेल, कोनेक्झंट, स्मार्टलिंक, इंटेल ही तेव्हाची मुख्य घराणी. प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

ल्यूसेंटच्या चिपेचा ड्रायव्हर अर्धा उघडा आणि अर्धा बंद होता. महत्त्वाचा भाग कंपनीने दिलेल्या, न वाचता येणाऱ्या फाइलीत, आणि तिच्याभोवतीचं वेष्टण स्वयंसेवकांनी सांभाळलेलं. स्मार्टलिंकचंही तसंच. त्यांच्या ड्रायव्हरमधली, आवाजाचं गणित करणारी 'डीएसपीलिब्ज' ही फाइल शेवटपर्यंत बंदच राहिली. कंपन्यांचं म्हणणं असं की व्ही-९० च्या तंत्रावर पेटंटं आहेत, आणि हे गणित हाच आमचा धंदा आहे. त्यात तथ्य होतं. जिथे कार्डावर काहीच उरलं नाही तिथे विकायला गुपितच उरणार.

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने १९९९ च्या सुमारास सगळा मोडेमच मुक्तस्रोतात नव्याने लिहायला घेतला होता. हाच माणूस पुढे एफएफएमपेग आणि क्यूईम्यूसाठी जगभर ओळखला गेला. एवढा ताकदीचा माणूस, पण तो प्रकल्पही घरोघरी चालेल अशा अवस्थेला पोचला नाही. काम किती अवघड होतं याचा यावरून अंदाज येतो.

कोनेक्झंटच्या चिपांची जबाबदारी लिनक्सअँट या कॅनडातल्या कंपनीने घेतली. २००४ पासून त्यांच्या फुकट ड्रायव्हरचा वेग १४.४ किलोबिटवर अडवलेला असे, पूर्ण वेग हवा तर पैसे भरायचे. रक्कम फार मोठी नव्हती, पण डॉलरमध्ये, आणि क्रेडिट कार्ड तेव्हा आमच्या गल्लीत कुणाकडे होतं? याच कंपनीचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. बंद ड्रायव्हर चढवला की लिनक्स कर्नल तशी नोंद करतो आणि इशारा देतो. परवाना कोणता हे ड्रायव्हरनेच एका ओळीत सांगायचं असतं. या कंपनीने त्या ओळीत 'जीपीएल' लिहून लगेच पुढे शून्याचं अक्षर ठेवलं आणि खरा खुलासा त्यानंतर लिहिला. सी भाषेत शून्य आलं की वाक्य संपलं. कर्नलने वाचलं 'जीपीएल' आणि तो गप्प बसला! एप्रिल २००४ मध्ये ही युक्ती उघडकीला आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. कंपनी म्हणाली, आमच्या ड्रायव्हरचे अनेक तुकडे आहेत, दर तुकड्याला इशारा येऊन गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून असं केलं.

आता मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो.

आमचा सातारा-सांगलीचा भाग यंत्राला भिणारा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर निघाले, पुढे पंप निघाले. त्या पंपांच्या आणि इंजिनांच्या मागोमाग प्रत्येक तालुक्याच्या गावात दुरुस्तीची दुकानं उभी राहिली. फलटणमध्ये आजही मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जळालेली मोटार न्या. तो ती उघडतो, जुनी तार काढून वेढे मोजतो आणि तेवढेच नवे भरतो. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. यंत्र स्वतःच आपली माहिती सांगतं. बघणारा डोळा हवा, एवढंच.

विनमोडेममध्ये पहिल्यांदाच असं यंत्र आमच्या हातात आलं की जे उघडून काहीही दिसत नव्हतं. कार्ड माझं, पैसे माझे, पण ते मोडेम कशामुळे होतं हे कार्डावर नव्हतंच. ते दुसऱ्याकडे होतं, आणि कुठल्या सिस्टीमवर ते चालू द्यायचं हे तो ठरवणार होता. आपण वस्तू विकत घेतली असं आपल्याला वाटत होतं, खरं तर आपण तिचा निम्मा भागच घेतला होता.

आणि याची किंमत कुणी मोजली? ज्याला बाहेरचा, सिरियल पोर्टला लावायचा महागडा मोडेम परवडत होता, त्याला लिनक्स पहिल्याच दिवशी चाललं. ज्याला फुकट सिस्टीमची खरी गरज होती, त्याच्याकडे स्वस्त कार्ड होतं, आणि त्याला मात्र ती चालत नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत या उलट्या हिशेबाबद्दल फार कमी बोललं गेलं. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन हुशार मुलांनी मोडेमपाशी हात टेकले आणि लिनक्स कायमचं सोडलं. त्यांना कुणी आळशी म्हणू नये.

पुढे काय झालं? जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, ते हळूहळू तालुक्यांपर्यंत आलं, आणि मोडेम संगणकाच्या बाहेर वेगळ्या डब्यात गेला. संगणकाशी तो साध्या नेटवर्कच्या तारेने बोले. विनमोडेमचा प्रश्न कुणी सोडवला नाही, तो आपोआप कालबाह्य झाला. गंमत म्हणजे त्या नव्या डब्यांपैकी अनेकांच्या आत लिनक्सच चालत होतं!

'डीएसपीलिब्ज' मात्र अजून जिवंत आहे. २०२१ मध्ये एऑन कंपनीच्या सुरक्षा संशोधकांनी 'डी-मोडेम' नावाचा प्रकल्प मांडला. त्यात मोडेमचं कार्डच नाही. तीच जुनी बंद फाइल इंटरनेटवरच्या फोन कॉलमध्ये आवाज काढते आणि पलीकडच्या जुन्या मोडेमशी बोलते. कार्डं भंगारात गेली तरी आतलं गणित आजही बंदच.

आणि आपल्या खिशातला फोन? अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. म्हणजे ज्या सिस्टीमला फलटणमध्ये फोनची तार मिळत नव्हती, ती आता बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या हातातही आहे. पण त्याच फोनमध्ये टॉवरशी बोलणारा एक वेगळा भाग असतो, आणि त्याचं सॉफ्टवेअर जवळजवळ नेहमीच बंद असतं. त्या भागाचं नाव काय, तर मोडेम.

फरक एवढाच की आता तो चालतो, म्हणून कुणी विचारत नाही.