वीज गेली तर वायरलेस सेट किती तास चालेल? समजून घ्या बॅटरीचं गणित

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी इर्शाळगडाच्या उतारावर होती. तिथे गाडी जाईल असा रस्ता नसल्यामुळे बचाव पथकांना भर पावसात पायी चढून जावं लागलं. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. 23 जुलैला शोधकार्य थांबवण्यात आलं.

अशा डोंगराळ भागात वीज आणि मोबाइल टॉवर दोन्ही बंद पडले, तर वायरलेस सेट कामाला येतो. पण बॅटरी असेपर्यंतच. मग कर्जत-खालापूरसारख्या भागात ती किती मोठी हवी? याचं एक तयार सूत्र जहाजांवर वापरलं जातं.

जहाजांचा नियम काय आहे?

'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारानुसार, आपत्कालीन जनरेटर नसलेल्या जहाजाचा रेडिओ राखीव बॅटरीवर 6 तास चालला पाहिजे. जनरेटर असेल तर 1 तास पुरतो. हिशोब असा: बोलताना लागणाऱ्या करंटचा अर्धा भाग, त्यात ऐकताना लागणारा करंट मिळवायचा आणि तासांनी गुणायचं. त्याच बॅटरीवर दिवा किंवा इतर काही चालत असेल तर तेही धरायचं.

25 वॅटचा व्हीएचएफ सेट बोलताना साधारण 6 अँपिअर घेतो, ऐकताना सुमारे अर्धा. म्हणजे 3 + 0.5 = 3.5 अँपिअर. 6 तासांसाठी 21 अँपिअर-अवर (एएच).

मग 21 एएचची बॅटरी घ्यायची?

नाही. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून दुप्पट, म्हणजे 42 एएच घ्यावी. लिथियम फॉस्फेट बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे साधारण 26 एएच पुरेल. जुनी बॅटरी छापील आकड्याइतकी चालत नाही, तेव्हा थोडी जास्तच धरा.

डोंगरात 24 तास हवे असतील तर?

तासाला फक्त 6 मिनिटं बोललात, तर सरासरी करंट सुमारे 1.05 अँपिअर येतो. 24 तासांचे 25 एएच, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी 50 एएचची. वेळ चौपट झाला, बॅटरी मात्र थोडीच वाढली. कारण सर्वाधिक करंट बोलण्यातच जातो. म्हणून निरोप आधी कागदावर लिहा, मोजकं बोला आणि ठरलेल्या वेळीच सेट सुरू करा.

हेही लक्षात ठेवा

• व्हीएचएफ लहरी डोंगरापलीकडे सहसा पोहोचत नाहीत. मोठ्या बॅटरीपेक्षा उंचावरचा अँटेना जास्त उपयोगी पडतो.
• हॅम रेडिओसाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो.
• बॅटरी मे महिन्यातच पूर्ण चार्ज करा. सेट जोडून ती खरोखर किती तास चालते, ते पावसाळ्याआधी मोजून बघा.