जुन्या टांकीचा नवा बॉलकॉक

पाश्चात्त्य पद्धतीच्या शौचकूपावरील टांकीचें झांकण सहसा कोणी उघडून पाहत नाहीं. रात्रीं सामसूम झाल्यावर तींतून पाणी झिरपल्याचा आवाज येऊं लागला, किंवा पाण्याचें बिल एकाएकीं फुगलें, म्हणजे मात्र घरधन्याचें लक्ष तिकडे जातें. झांकण काढून पाहावें तों आंत एक पितळी नळकांडें, त्यास जोडलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाशीं तांब्याचा अथवा प्लास्टिकचा पोकळ गोळा असा सरंजाम दिसतो. हाच बॉलकॉक. टांकी रिकामी झाली कीं गोळा खालीं येतो, झडप उघडते व पाणी येऊं लागतें. पाणी चढलें कीं गोळाहि चढतो व झडप मिटते. तो बिघडला कीं प्लंबर दुकानांतून नवा आणतो, आणि पुष्कळदां आठ दिवसांनीं तीच तक्रार पुन्हां सुरू होते. नवा माल वाईट होता असें बहुधा नसतें. तो त्या टांकीचा नव्हता, इतकेंच. दुकानांत एकासारखे एक दिसणारे हे बॉलकॉक वस्तुतः निरनिराळे कां, हें समजण्यास त्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

तरत्या वस्तूकडून पाण्याची वाट आपोआप बंद करविण्याची युक्ति शौचकूपाच्या टांकीपेक्षां फार जुनी. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसनें आपल्या जलघटिकेंत ती योजिली होती असें मानतात. आपल्याकडील लग्नघरचें घटिकापात्र बुडून वेळ दाखवी. क्टेसिबिओसच्या यंत्रांतील तरंगणारा तुकडा वर-खालीं होऊन पाण्याची धार एकसारखी ठेवी. नवव्या शतकांत बगदादच्या बनू मूसा बंधूंनीं आपल्या यंत्रविषयक ग्रंथांत तीच कल्पना नाना तऱ्हांनीं खेळविली, आणि १७६५ च्या सुमारास रशियांत इव्हान पोल्झुनोव्हनें वाफेच्या यंत्राच्या बंबांतील पाण्याची पातळी राखण्यास तिचा उपयोग केला.

शौचकूप मात्र दीर्घकाळ हातानेंच चालत होता. १५९६ सालीं सर जॉन हॅरिंग्टन या इंग्रज दरबाऱ्यानें टांकी व झडप असलेल्या शौचकूपाचें वर्णन छापलें. राणी एलिझाबेथचा हा धर्मपुत्र मोठा विनोदी. त्याच्या पुस्तकांतील टवाळी लोकांच्या लक्षांत राहिली व यंत्र बाजूस पडलें. जवळजवळ एकशेंऐशीं वर्षांनीं, १७७५ सालीं, लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें इंग्रजी एस् अक्षरासारख्या वांकड्या नळीच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें. त्या बांकांत सांचून राहणारें पाणी गटाराच्या दुर्गंधीस अडवितें, आणि आजच्या भांड्यांतहि पाण्याची ही अडवणूक आहेच. तीन वर्षांनीं जोसेफ ब्रामानें कमिंगच्या सरकत्या झडपेऐवजीं बिजागरीची झडप बसविली. टांकींत स्वतः उघडणारी व मिटणारी तरती झडप १७९० सालीं मेक्सिकोंतील होसे आंतोनियो आल्झाते या विद्वान पाद्र्यानें आपल्या नियतकालिकांत वर्णिली. या सर्वांचें श्रेय टॉमस क्रॅपर या लंडनच्या व्यापाऱ्यास देण्याची चाल पडली आहे. पण त्याचा जन्मच मुळीं १८३६ चा. त्यानें चांगला माल विकला, कांहीं सुधारणाहि केल्या. आणि त्याच्या आडनांवाचें एका ग्राम्य इंग्रजी शब्दाशीं असलेलें साम्य लोकांच्या स्मरणशक्तीस सोयीचें पडलें.

एकोणिसाव्या शतकांत लंडनला पाणी पुरविणाऱ्या खाजगी कंपन्या दिवसांतून कांहीं तासच पाणी सोडीत. म्हणून घरोघर हौद असत व त्यांवर बॉलकॉक असे. पुढें चोवीस तास पाणी देण्याची मागणी झाली तेव्हां कंपन्यांस भय वाटलें तें नासाडीचें. कारण शौचकूपाची मूठ कोणी ओढून बांधून ठेविली तर पाणी अखंड वाहणार! १८७१ च्या कायद्याखालीं जे नियम झाले त्यांत एका वेळीं दोन गॅलनांहून अधिक पाणी न सोडणारी टांकी सक्तीची झाली.

नासाडीहून मोठें भय निराळेंच होतें. १८७३ सालीं केंब्रिजच्या कीज कॉलेजांत विद्यार्थ्यांना विषमज्वर झाला, आणि तोहि मुख्यतः एकाच चौकांतील. डॉ. जॉर्ज ब्यूकॅनन यांनीं तपास केला तेव्हां त्या चौकांतील शौचकूपांचा पाण्याच्या मुख्य नळाशीं थेट संबंध असल्याचें आढळलें. पाण्याचा पुरवठा तुटला कीं नळांत पोकळी होई, ती शौचकूपाकडील दूषित हवा व घाण आंत ओढी, आणि पाणी पुन्हां सुटलें कीं तीच घाण पिण्याच्या पाण्यांत मिसळे, असा त्यांच्या तपासाचा निष्कर्ष होता. टांकी ही केवळ पाणी मोजून देण्यासाठीं नाहीं. नळ आणि भांडें यांचा स्पर्श होऊं नये म्हणून ती मध्यें उभी आहे, ही गोष्ट तेव्हांपासून जाणत्यांस पटली.

सर्वांस पटावयास आणखी साठ वर्षें लागलीं. १९३३ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं शिकागोंत लोटलेल्या प्रवाशांपैकीं पुष्कळ जण शेजारशेजारच्या दोन हॉटेलांत उतरले होते. आपापल्या गांवीं परतल्यावर ते आजारी पडूं लागले. रोगी देशभर विखुरल्यामुळें ही सांथ आहे हें कळावयासच उशीर झाला. सुमारें चौदाशें लोकांना अमीबाजन्य आमांशानें गांठलें व ९८ दगावले. प्रसिद्ध नटी टेक्सास गायनन हिला शिकागोंतच हा रोग जडला व त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ती वारली. तपासांत जुनें, सदोष नळकाम आणि सांडपाण्याचा पिण्याच्या पाण्याशीं संबंध येईल असे जोड सांपडले. सारा दोष टांकींतील झडपांचा नव्हता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु पाणी उलट फिरूं नये यासाठीं असलेल्या नियमांकडे या प्रसंगानंतर अमेरिकेंत अधिक कडक नजरेनें पाहिलें जाऊं लागलें.

नियम साधा आहे. बॉलकॉकमधून पाणी जेथें बाहेर पडतें तें तोंड टांकींतील पाण्याच्या वर, मोकळ्या हवेंत राहिलें पाहिजे. किंवा त्यांत हवा शिरण्याची अशी वाट हवी, कीं नळांत पोकळी झाली तरी टांकींतील पाणी ओढलें जाऊं नये. जुन्या पितळी बॉलकॉकला पाण्याचा खळखळाट बंद व्हावा म्हणून एक नळी लावीत व तिचें टोक पाण्यांत बुडवून ठेवीत. आवाज थांबे खरा, पण नळ आणि टांकी यांमधील हवेचें अंतर नाहींसें होई. अशा नळ्या ब्रिटनमध्यें पुढें नियमानेंच बंद झाल्या. मुंबईस विहार तलाव १८६० सालीं तयार झाला, तुळशी १८७९ त व तानसा १८९२ त; तरीहि आपल्याकडील बहुतेक शहरांत आज पाणी ठराविक तासच येतें. केंब्रिजच्या नळांत पुरवठा तुटला म्हणजे जी पोकळी होई ती आपल्या नळांत रोज होऊं शकते. म्हणून जुन्या टांकींत अशी बुडती नळी सांपडल्यास तिच्यासारखी दुसरी शोधीत बसूं नये. ती काढून टाकावी.

आतां दाबाची गोष्ट. आणि बहुतेक फसगत होते ती येथेंच. ब्रिटिश कारागिरीनें दोन पितळी नमुने रूढ केले. क्रॉयडन नमुन्यांत दट्ट्या उभा हलतो, पोर्ट्‌स्मथमध्यें आडवा. दुसराच अधिक पसरला. १७०३ क्रमांकाच्या भारतीय मानकांतील बॉलकॉकहि आडव्या दट्ट्याचाच आहे. दट्ट्याच्या टोकावरील रबरी वायसर एका बारीक छिद्राचें तोंड दाबून धरतो. अधिक दाबाच्या बॉलकॉकांत हें छिद्र साधारणतः एकअष्टमांश इंच असतें, कमी दाबाच्या बॉलकॉकांत पाव इंच. फरक दिसावयास क्षुल्लक. पण व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें, आणि तितक्याच दाबाचें पाणी वायसरला चौपट जोरानें मागें रेटतें. गोळ्याचा उठाव व दांड्याची लांबी मात्र तीच. मग पाव इंची छिद्राचा बॉलकॉक जोरदार नळावर बसविला तर गोळा बिचारा पाण्यांत अर्धा बुडून जोर लावतो, तरी थेंब थेंब चालूच राहतो. घरधनी दांडा खालीं वांकवितो, चार दिवस बरें वाटतें, आणि पुन्हां गळती. याच्या उलट गच्चीवरील टांकीचें पाणी. दहा फूट उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब दर चौरस इंचास जेमतेम सव्वाचार पौंड. तेथें अधिक दाबाचा, बारीक छिद्राचा बॉलकॉक आणला तर तो गळत नाहीं, पण टांकी भरावयास इतका वेळ लावतो कीं घरांतील दुसऱ्या माणसास बादलीच घ्यावी लागते. सबब दुकानांत जाण्यापूर्वीं आपल्या टांकीस पाणी रस्त्यावरील नळाचें येतें कीं गच्चीवरचें, एवढें तरी पाहून जावें. मापाचा जुना तुकडा हातांत असून भागत नाहीं. कारण बाहेरचा आटा दोहोंचा अर्ध्या इंचाचाच असतो, आणि फरक आंतील छिद्रांत असतो.

विसाव्या शतकांत या यंत्राचें रूप पालटलें. ब्रिटनमध्यें वॉटफर्डजवळ गार्स्टन येथील इमारत-संशोधन केंद्रांत दट्ट्याऐवजीं रबरी पडद्याचा नमुना सिद्ध झाला. पडद्यामुळें हलणारे भाग पाण्यापासून अलग राहतात, त्यांवर क्षार सांचत नाहीं, आणि पाणी वरच्या बाजूनें बाहेर पडत असल्यानें हवेचें अंतर आपोआप राखलें जातें. अमेरिकेंत १९५७ सालीं अॅडॉल्फ शेप यांनीं फ्लुइडमास्टर ही कंपनी काढली. तिच्या झडपेनें लांब दांडा व गोळा यांस निरोप दिला. उभ्या नळीभोंवतींच एक पेला तरंगतो व वर-खालीं होतो. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक प्लास्टिक झडपा या घराण्यांतल्या. जागा थोडी लागते, आवाज कमी होतो. मात्र गढूळ पाण्यांतील वाळूचा कण पडद्याखालीं अडकला तर त्या जुन्या पितळेपेक्षां लवकर रुसतात. पितळी बॉलकॉकचा वायसर थोडक्या खर्चांत बदलून पुन्हां कित्येक वर्षें काम घेतां येतें. तो झिजलेला नसेल व नळी बुडती नसेल, तर केवळ जुना म्हणून त्यास काढण्याचें कारण नाहीं.

तसेंच गुन्हा बॉलकॉकचाच आहे ना, हें आधीं पाहावें. पाणी चढून ओव्हरफ्लोच्या नळींतून वाहत असेल तर दोष बॉलकॉकचा. पातळी खालीं असूनहि भांड्यांत पाण्याची बारीक रेघ दिसत असेल तर दोष खालच्या फ्लशच्या झडपेचा. टांकींत थोडा खाण्याचा रंग टाकून पाव-अर्धा तास फ्लश न करतां थांबलें कीं तें कळतें. जुन्या सायफनच्या टांकींत ही दुसरी गळती सहसा होत नसे, कारण तींत पाणी अडविणारी झडपच नव्हती. ब्रिटननें २००१ पासून झडपेच्या टांक्यांस मुभा दिली आणि त्याबरोबर ही कटकटहि पत्करली.

मग टांकीस पाणी बाजूनें येतें कीं तळांतून, हें पाहावें. भिंतीवर उंच बसविलेल्या साखळीच्या जुन्या लोखंडी टांक्यांत तें बहुधा बाजूनें येतें, आणि तळांतून येणारी नवी उभी झडप तेथें बसतच नाहीं. उभी झडप घेतल्यास तिच्यावर पाण्याच्या धोक्याच्या पातळीची खूण असते; ती खूण ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापेक्षां निदान एक इंच वर येईल अशा उंचीवर झडप बसवावी. अमेरिकन धर्तीच्या झडपेस एक बारीक रबरी नळी असते; ती टांकी भरतांना थोडें पाणी ओव्हरफ्लोवाटे भांड्यांत सोडून कमिंगच्या त्या बांकांतील पाणी पुरतें करते. ही नळी ओव्हरफ्लोच्या तोंडावर चिमट्यानें अडकवावी. आंत खोल खुपसल्यास टांकींतील पाणी तिच्यावाटे गुपचूप गळत राहतें. आणि नवा भाग चढविण्यापूर्वीं, जुना काढल्यावर, नळाचें तोंड बादलींत धरून पाणी क्षणभर मोकळें सोडावें. वर्षानुवर्षें सांचलेला गंज त्या पहिल्या लोंढ्याबरोबर बाहेर पडतो.