ओसरीवरच्या थापा

वस्तुसंग्रहालय म्हटले की जुनी शस्त्रे, नाणी, ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील ईटनव्हिल या चिमुकल्या गावी १९९० साली जे संग्रहालय उघडले, त्याला मात्र एका कृष्णवर्णीय लेखिकेचे नाव आहे : झोरा नील हर्स्टन. कृष्णवर्णीय कलावंतांच्या कृती तेथे मांडल्या जातात. त्याच वर्षी बाईंच्या नावाने साहित्य-कलांचा उत्सवही सुरू झाला. यामागे निव्वळ वाङ्मयप्रेम होते असे नाही. गावातून जाणारा रस्ता पाच पदरी करण्याचा घाट जिल्हा प्रशासनाने १९८७ मध्ये घातला होता. तसे होते, तर गावाचे दोन तुकडे पडले असते. गावकरी एकवटले, आणि आपले गाव राखण्याजोगे का आहे हे पटविण्यासाठी त्यांनी हर्स्टनबाईंच्या पुस्तकांकडे बोट दाखविले. योजना बारगळली.

गावही तसेच आहे. गुलामगिरी नष्ट होऊन पुरती पंचवीस वर्षेही लोटली नव्हती, तेव्हा २७ कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदान करून येथे आपली नगरपालिका स्थापन केली. तारीख होती १५ ऑगस्ट १८८७. आपल्याला हा योगायोग गोड वाटावा. हर्स्टनबाईंचे वडील धर्मोपदेशक, आणि काही काळ नगराध्यक्षही. गोऱ्यांची हुकमत नसलेल्या या गावात त्यांचे बालपण गेले. जो क्लार्कच्या दुकानाच्या ओसरीवर माणसे जमत आणि गोष्टी रंगत : देवाच्या, सैतानाच्या, मालकाला चकविणाऱ्या चतुर गुलामाच्या. गावकरी या गोष्टींना चक्क 'थापा' म्हणत.

पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात त्या फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकल्या आणि १९२७ मध्ये लोककथा गोळा करावयास दक्षिणेत परतल्या. पहिल्या खेपेस कोणी तोंड उघडीना. बाई महाविद्यालयीन शिष्ट भाषेत विचारीत होत्या! आम्हा शिक्षकांनी हे ध्यानी ठेवावे. मग त्या गावच्या बोलीत बोलू लागल्या, आणि त्या थापा १९३५ साली 'म्यूल्स अँड मेन' या पुस्तकात आल्या. १९३७ च्या कादंबरीतही तीच ओसरी आहे. रिचर्ड राइट यांच्यासारख्या थोर कृष्णवर्णीय लेखकाने मात्र, ही बोली गोऱ्या वाचकांच्या करमणुकीसाठी आहे, अशा आशयाची कठोर टीका केली. मला ती अन्यायाची वाटते. अन्यायाविरुद्ध लिहिणे हे राइट यांचे व्रत होते. परंतु आपापसांत हसणारी, भांडणारी, गोष्टी रचणारी माणसे जशीच्या तशी कागदावर उतरविणे, हेही त्या काळी धाडसच होते.

बाईंचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. २८ जानेवारी १९६० रोजी फोर्ट पीअर्सच्या निराधारगृहात त्या वारल्या. दफनासाठी वर्गणी काढावी लागली. त्यांचे कागद जाळले जात असता एका पोलीस अधिकाऱ्याने वाटेत ते पाहिले आणि पाणी मारून आग विझविली. म्हणून जे वाचले ते वाचले.

थडग्यावर दगडही नव्हता. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर या तरुण लेखिकेने गवताने माजलेल्या त्या दफनभूमीत जागा हुडकून तेथे शिळा बसविली. शिळेवर जन्मवर्ष १९०१ कोरले आहे. वास्तविक बाईंचा जन्म १८९१ चा, आणि तोही अलाबामातला. जन्म ईटनव्हिलचा सांगावा आणि वय दहा वर्षांनी कमी सांगावे, ही त्यांची स्वतःची थाप. ती आजही दगडावर आहे.