व्हिडिओ कोडिंग : संपीडन आणि गणनभार
व्हिडिओ लहान करताना वाचणारे बिट आणि त्यासाठी एन्कोडरला करावी लागणारी आकडेमोड यांचा मेळ. इचलकरंजीतील चालू यंत्रमागाचे चित्रण ही त्याची कठीण परीक्षा आहे. कापडाची बारीक वीण जवळजवळ स्थिर, म्हणून ती मागील फ्रेमवरून स्वस्तात उचलता येते. क्षणात या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्या धोट्यासाठी मात्र मागील फ्रेममध्ये दूरवर शोध घ्यावा लागतो. हा शोध फ्रेमचे चौकोनी ठोकळे पाडून घेतात. एच.२६४ (२००३) या कोडिंग मानकातील ठोकळा १६×१६ पिक्सेलांचा. त्यापुढच्या एचईव्हीसी मानकात (२०१३) तो ६४×६४ पर्यंत वाढला, फ्रेमअंतर्गत अंदाजाच्या पद्धती ३५ झाल्या. त्याच दर्जाला बिट सुमारे निम्मे लागतात, पण तपासायचे पर्याय कितीतरी वाढतात. थेट प्रक्षेपणात त्यातले बहुतेक न तपासताच सोडतात. एकदा साठवून लाखोंना दाखवायच्या चित्रपटासाठी तासन्‌तास खर्चणे योग्यच.