देव घराणे, चिंचवड

पुणे जिल्ह्यात पवना नदीच्या काठी चिंचवड येथे स्थायिक झालेले देव घराणे हे, गणपती हेच परब्रह्म मानणाऱ्या गाणपत्य संप्रदायाचे गुरुघराणे असून, मोरया गोसावी हे त्याचे मूळपुरुष होत. बाहेरून येऊन एका गावी पाय रोवणाऱ्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथील हक्क सांभाळणाऱ्या कुटुंबाचा इतिहास कसा घडतो व कसा लिहिला जातो, हे ज्या थोड्या मराठी घराण्यांच्या बाबतीत तपशिलाने पाहता येते, त्यांत या घराण्याचे स्थान वरचे आहे.

परंपरेनुसार हे कुटुंब मूळचे कर्नाटकातील शाळिग्राम आडनावाचे. मोरयांचे आईवडील तेथून अष्टविनायकांपैकी मोरगाव येथे आले, आणि मोरयांनी पुढे थेऊर येथे तपश्चर्या करून चिंचवडला वास्तव्य केले. कऱ्हा नदीत त्यांना मिळालेली मूर्ती चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यात पुजली जाते व भाद्रपद आणि माघ या महिन्यांत तिची पालखी मोरगावला जाते, म्हणजे स्थलांतराची वाट यात्रेच्या रूपाने आजही चालली जाते. मोरयांचे पुत्र चिंतामणी यांना संत तुकारामांनी ‘देव’ म्हटले आणि तेच घराण्याचे आडनाव झाले, असे सांगतात. तुकारामांचे गाव देहू चिंचवडपासून जवळ असल्याने वारकरी व गाणपत्य या दोन संप्रदायांमधील ही ओळख अस्वाभाविक वाटत नाही.

कालनिर्णय मात्र कठीण आहे. परंपरा मोरयांच्या संजीवन समाधीचे, म्हणजे जिवंतपणी घेतलेल्या समाधीचे, वर्ष इ.स. १५६१ मानते, उलट समाधीवरील मंदिराचे काम चिंतामणी यांनी शके १५८० मध्ये सुरू करून पुढील वर्षी, म्हणजे १६५९ मध्ये, पुरे केल्याचे तेथील मराठी शिलालेखावरून दिसते. वडिलांच्या समाधीनंतर सुमारे शंभर वर्षांनी मुलाने मंदिर बांधले असे मानणे अवघड आहे, आणि १६५० च्या सुमारास वैकुंठवासी झालेल्या तुकारामांच्या भेटीची कथाही शिलालेखाच्या बाजूनेच झुकते. अभ्यासकांनी मोरयांचा काळ तेराव्यापासून सतराव्या शतकापर्यंत वेगवेगळा धरला आहे. त्यांत शिलालेखाला अधिक वजन देणे योग्य ठरेल, कारण इतर बहुतेक आधार भक्तिकथांतून आलेले आहेत.

चिंतामणी यांच्यानंतर नारायण, दुसरे चिंतामणी, धरणीधर, तिसरे चिंतामणी, दुसरे नारायण आणि दुसरे धरणीधर असा वंशक्रम दिला जातो. गणपतीचा अंश सात पिढ्या या कुळात राहील, अशी श्रद्धा होती. नावे अशी फिरून येत असल्यामुळे ‘चिंतामणी देव’ एवढाच उल्लेख असलेला कागद कोणाचा, हे त्यावरील शिक्का, राज्यकर्त्याचे नाव आणि सालाची नोंद पाहूनच ठरवावे लागते.

घराण्याच्या ऐहिक बळाचा पाया इनाम हा होता. इनाम म्हणजे जमिनीवरील सरकारी साऱ्याचा हिस्सा पूर्णतः वा अंशतः एखाद्यास तोडून देणे. तेवढ्याने कसणाऱ्या मिरासदाराची, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या शेतकऱ्याची, जमीन इनामदाराची होत नसे. तुलनेसाठी पाहता, अमेरिकेच्या पश्चिम सीमेवर १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर मिळत, त्या अर्जांवरून आज तेथील वंशज पूर्वज शोधतात, आणि त्या जमिनीवरून मूळ रहिवासी हुसकले गेले होते. पवनाकाठी मात्र पाटील, कुलकर्णी व मिरासदार आधीच नांदत होते आणि ते तसेच राहिले. नव्या कुटुंबाला त्यांच्या हक्कांच्या शेजारी आपला हक्क मांडावा लागला. औरंगजेबाने चमत्कार पाहून नारायण देवांना आठ गावे दिली, ही कथा म्हणूनच केवळ भक्तीची नाही. प्रत्येक नव्या सत्तेकडून सनद, म्हणजे हक्काचे राजपत्र, मिळवण्याची गरज तीत दिसते.

एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या ‘जिवंत देवा’वर लेख लिहिला आणि १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम या प्रवासी लेखिकेने चिंचवडला भेट दिली. १८१० मध्ये दुसरे धरणीधर निपुत्रिक वारल्याने थेट वंश खुंटला व दूरच्या भाऊबंदांपैकी एकास गादीवर बसवून संस्थान चालू ठेवण्यात आले. पुढे १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दख्खनमधील इनामदारांकडून हक्कांचे पुरावे मागितले, तेव्हा सनदा आणि वंशावळी सरकारपुढे मांडणे भाग पडले. मालमत्तेवरील संकटाने इतिहासाची साधने जमा केली. लॉरेन्स प्रेस्टन यांनी या घराण्यावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सत्ता बदलत असतानाही एक कुळ कसे टिकते, हा त्याचा विषय आहे.

शेजारच्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषधकंपनी उभी राहिल्यावर आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढल्यावर चिंचवड १९७० मध्ये नव्या नगरपालिकेत व १९८२ पासून महानगरपालिकेत आले. समाधिमंदिर व मंगलमूर्ती वाडा चिंचवड देवस्थानाच्या व्यवस्थेखाली असून, मार्गशीर्ष वद्य षष्ठीला तेथे मोरयांचा समाधी महोत्सव होतो.