झीलकरी ते ध्वनिवर्धक : सोलापूर परिसरातील छोट्या गायनसभांच्या ध्वनियोजनेचा इतिहास

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या सांगीतिक इतिहासाची चर्चा बहुधा रचनाकार, गायक आणि त्यांचे आश्रयदाते यांच्या अंगाने होत आली आहे. शाहीर राम जोशी यांचे सोलापूर, वारकरी कीर्तनाचे पंढरपूर, शाहीर अमर शेख यांची बार्शी आणि संगीतबारीचे मोडनिंब ही या इतिहासातील ठळक स्थाने होत. तथापि या चर्चेत एक मूलभूत प्रश्न मागे राहतो. गाणाऱ्याचा शब्द शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत कोणत्या व्यवस्थेने पोहोचत होता? पोवाडा आणि कीर्तन हे शब्दप्रधान प्रकार आहेत. त्यांत शब्द हरवला तर आशयच हरवतो. म्हणून ध्वनियोजनेचा इतिहास हा केवळ यंत्रांचा इतिहास नसून श्रवणाचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात मंदिराचा सभामंडप, वाड्याचा चौक, मंगल कार्यालय व महाविद्यालयीन सभागृह अशा छोट्या जागांतील ध्वनिस्रोतांच्या मांडणीचा विचार केला आहे. परंपरागत मांडणी आणि विद्युत ध्वनिवर्धकांची मांडणी यांची तुलना हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

विद्युतपूर्व काळातील ध्वनियोजना

वारकरी कीर्तनात कीर्तनकार पुढे उभा राहतो. त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टाळकरी असतात व जवळच पखवाजवादक असतो. कीर्तनकाराने म्हटलेले ध्रुपद टाळकरी उचलून धरतात. पोवाड्यात हेच कार्य झीलकरी करतात. शाहिराच्या मागे उभे राहून ते सूर धरून ठेवतात आणि चरणाच्या शेवटी ‘जी जी’ची झील देतात. तमाशातही ढोलकी, हलगी व तुणतुणे यांची साथ गाणाऱ्याच्या मागून येते.

या रचनेकडे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तिचे तीन लाभ दिसतात. पहिला असा की, मुख्य गायक श्रोत्यांना सर्वांत जवळ असल्याने त्याचा आवाज प्रथम पोहोचतो आणि साथ क्षणभर मागून येते. दुसरा लाभ म्हणजे अनेक कंठांच्या मेळाने ध्रुपद दूरवर ऐकू जाते व गायकाच्या गळ्याला विसावा मिळतो. तिसरा लाभ स्वतः गायकाचा आहे. मागून येणाऱ्या सुरामुळे त्याला आपला सूर तपासता येतो. कानावर हात ठेवून गाणाऱ्या शाहिराची परिचित मुद्राही स्वतःचा आवाज स्वतःला स्पष्ट ऐकू यावा या गरजेशी निगडित आहे.

संगीत नाटकाची मांडणी याहून भिन्न होती. तेथे ऑर्गन व तबला रंगमंचाच्या पुढील खोलगट जागेत असत आणि गायकनटाला त्यांच्यावरून आवाज फेकावा लागे. कोल्हापूरचे १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढील काळातील केशवराव भोसले नाट्यगृह, अशा नैसर्गिक श्रवणगुणांसाठी नावाजले गेले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली. अशा वास्तूत इमारत हीच ध्वनिवर्धक असते. छोट्या सभामंडपात मात्र हे कार्य माणसांच्या मांडणीवर अवलंबून राहिले.

ध्वनिवर्धकाचे आगमन

२४ डिसेंबर १९१५ रोजी प्रिडहॅम व जेन्सन यांनी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मोठ्या जनसमुदायापुढे ध्वनिवर्धकाचे प्रात्यक्षिक केले. भारतात १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांमधून मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे कर्णे परिचित झाले. अशा प्रकारे हे यंत्र येथे प्रामुख्याने राजकीय सभेचे साधन म्हणून रुजले. भाषणासाठी योग्य असलेला कर्णा पुढे गायनासाठीही वापरला जाऊ लागला. कर्णा मधल्या पट्टीतील आवाज दूर फेकतो, परंतु ढोलकीचा घुमारा आणि गळ्याचा भरीवपणा त्यातून पुरेसा उतरत नाही.

या संक्रमणकाळाचे महत्त्वाचे प्रतिनिधी म्हणजे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९). १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा पहाडी आवाज मोठमोठ्या सभांतून घुमला. त्यांचा गळा मोकळ्या मैदानाच्या परंपरेत घडलेला होता. माईकसमोर वाढलेल्या पुढील पिढीला तसा आवाज कमावण्याची निकड उरली नाही.

मांडणीतील उलटापालट

ध्वनिवर्धकाने परंपरागत क्रम उलटा केला. साथीदार गायकाच्या मागे उभे राहू शकतात, पण ध्वनिवर्धक तेथे ठेवल्यास त्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो व तो शिट्टी मारू लागतो. म्हणून ध्वनिवर्धक माईकच्या पुढे व श्रोत्यांकडे तोंड करून ठेवणे क्रमप्राप्त झाले. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन वाद्यवृंदाने १९७४ साली ध्वनिवर्धकांची भिंत कलावंतांच्या मागे उभारली खरी, परंतु त्यासाठी प्रत्येक गायकाला परस्परविरोधी जोडणीचे दोन माईक द्यावे लागले. छोट्या सभेला असा खटाटोप परवडणारा नसतो.

या उलटापालटीत गायकाचे नुकसान झाले, कारण त्याला स्वतःचा आवाज पुरेसा ऐकू येईना. श्यूअर कंपनीचा ‘युनिडाइन’ हा एकदिश माईक १९३९ साली आला. अशा माईकला मागच्या बाजूचा आवाज कमी जाणवतो. त्यामुळे गायकाच्या पायाशी, माईकच्या पाठीमागे, गायकाकडे तोंड केलेला मॉनिटर ठेवता येऊ लागला. झीलकऱ्यांच्या तीन कार्यांपैकी गायकाला सूर ऐकवण्याचे कार्य अशा रीतीने एका पेटीकडे गेले.

श्रोत्याची बाजू

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. कानांच्या उंचीवर ठेवलेल्या ध्वनिवर्धकापासून २ मीटरवरील व १६ मीटरवरील श्रोत्यांत त्यामुळे १८ डेसिबलचा फरक पडतो. तोच ध्वनिवर्धक जमिनीपासून ४ मीटर उंचीवर नेऊन किंचित खाली झुकवल्यास, जमिनीवर बसलेल्या श्रोत्यांपुरता हा फरक सुमारे १३ डेसिबलवर येतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो आणखी कमी असतो. पुढच्या रांगेचे कान न किटता मागच्या रांगेला शब्द ऐकवण्याचा हा सर्वांत सोपा उपाय होय.

सभामंडपातील खांबाखांबावर ध्वनिवर्धक टांगण्याची रीत सर्वत्र आढळते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन ध्वनिवर्धकांच्या अंतरात श्रोत्यापासून १७ मीटरचा फरक असेल तर एकच अक्षर त्याला ५० सहस्रांश सेकंदाच्या अंतराने दोनदा ऐकू येते आणि शब्द पुसट होतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखविले की, सुमारे ३० सहस्रांश सेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान पहिल्यातच मिसळून घेतो आणि आवाजाची दिशा पहिल्यावरून ठरवतो. गायक पुढे व टाळकरी एक-दोन मीटर मागे ही कीर्तनातील रचना या मर्यादेत सहज बसते. छोट्या जागेत दूरदूरच्या अनेक ध्वनिवर्धकांपेक्षा गायकाजवळचे दोनच अधिक स्पष्ट ऐकू येतात, त्याचेही कारण हेच आहे.

पत्र्याचे छप्पर, फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या कार्यालयात आवाज दीर्घकाळ घुमतो. तेथे ध्वनिवर्धक भिंतीकडे न रोखता श्रोत्यांकडे रोखणे आणि मागील भिंतीवर जाड सुती कापड थोडे अंतर सोडून टांगणे उपयुक्त ठरते. चादरीच्या या शहरात हे साधन दुर्मीळ नाही. मात्र कापड उंच पट्टीचे स्वर अधिक शोषते, ढोलकीचा खर्ज त्याने फारसा आवरत नाही.

कायदा व सामाजिक आशय

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास सामान्यतः मनाई आहे. सार्वजनिक स्थळाच्या सीमेवर आवाज परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून वाढता कामा नये. रात्रभर चालणाऱ्या पारंपरिक प्रयोगांवर याचा थेट परिणाम झाला. ध्वनिवर्धकाची दिशा व उंची योग्य असल्यास कमी आवाजातही सभा भागते. म्हणजे कलावंताची गरज आणि शेजाऱ्याची झोप यांतील विरोध बऱ्याच अंशी चुकीच्या मांडणीतून निर्माण झालेला असतो.

निष्कर्ष

१. झीलकरी व टाळकरी यांची रचना ही सौंदर्यदृष्टीइतकीच श्रवणाच्या गरजेतून सार्थ ठरणारी ध्वनियोजना होती.

२. ध्वनिवर्धकाने आवाजाचा उगम कलावंतापासून दूर नेला. उत्तम मांडणी तो पुन्हा कलावंताजवळ आणते.

३. छोट्या सभेत यंत्रांची संख्या व शक्ती यांपेक्षा त्यांचे स्थान, उंची व दिशा निर्णायक असतात.

४. लोककलांच्या इतिहासलेखनात गायक कोठे उभा होता, साथ कोठून येत होती आणि श्रोता कोठे बसला होता, यांची नोंद होणे आवश्यक आहे. संहिता व चाली जतन झाल्या तरी ही मांडणी विस्मृतीत गेल्यास त्या कलांचे मूळ श्रवणरूप पुढील अभ्यासकांच्या हाती लागणार नाही.